घाटेअळीच्या कोठ्यात शिरणारा विषाणू



हरभऱ्याचे घाटे भरू लागले की अर्धे शरीर घाट्यात आणि अर्धे बाहेर ठेवून दाणे फस्त करणाऱ्या अळीची ओळख येथे कोणाला करून देण्याची आवश्यकता नाही. मराठी मुलखात ती घाटेअळी, माळव्यात ती इल्ली. तूर, कापूस, टोमॅटो यांवरही तिचा निर्वाह चालतो. तिच्यावर विषारी औषधांचा मारा पुष्कळ झाला. परंतु १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशाच्या किनारी जिल्ह्यांत कापसावर पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे पुनःपुन्हा फवारूनही ती मेली नाही. पीक गेले, औषधाचा खर्चही गेला आणि असंख्य कुटुंबे कर्जात बुडाली. अळीला अळीच्याच रोगाने मारण्याच्या उपायाचे मोल अशा वेळी ध्यानात येते. हा रोग परदेशातून आणलेला नव्हे; गुजरातेत घाटेअळीवर त्याची नोंद १९६८ सालीच झालेली आहे.

या रोगाचे कारण एक विषाणू आहे. तो उघडा हिंडत नाही. बीजाला जसे टरफल, तसे या विषाणूच्या कणांभोवती प्रथिनाचे एक कठीण, अनेक पैलूंचे आवरण असते. असे हजारएक स्फटिक ओळीने मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर लांबी भरेल. पानावर किंवा मातीत हा स्फटिक निपचित पडून असतो. अळीच्या नुसत्या अंगावर तो पडला तर काहीही घडत नाही. तो तिच्या पोटातच गेला पाहिजे.

अळीचे पोट आपल्या पोटासारखे नसते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. आपल्या जठरात आम्ल असते. अळीच्या मध्यांत्रातील रस मात्र धुण्याच्या सोड्याच्या पाण्यासारखा तीव्र अल्कधर्मी असतो. पाल्याचे पचन व्हावे म्हणून निसर्गाने केलेली ही व्यवस्थाच तिच्या नाशाला कारणीभूत होते. त्या रसात प्रथिनाचे आवरण काही मिनिटांत विरघळते व आतील विषाणूकण मोकळे होतात. अन्नाभोवती असलेल्या पातळ पडद्यातून वाट काढून ते आतड्याच्या अस्तरातील पेशींना चिकटतात, आत शिरतात आणि थेट पेशीच्या केंद्रकात ठाण मांडतात. त्यानंतर ती पेशी अळीचे काम सोडून विषाणूच्या प्रती काढू लागते.

अळीही अगदीच निराधार नसते. आतड्याच्या बाधित पेशी ती गळून टाकू शकते, विशेषतः कात टाकण्याच्या वेळी, आणि त्यांच्या जागी नव्या पेशी येतात. मोठी अळी या रोगाला सहसा दाद देत नाही, त्याचे एक कारण हेच. लहान अळीत मात्र पेशी गळण्यापूर्वीच नवे कण आतड्याच्या पलीकडच्या बाजूने बाहेर पडून श्वासनलिकांच्या व रक्ताच्या मार्गाने सर्व शरीरात पोहोचलेले असतात. आतडे हा केवळ दरवाजा. खरी लूट पुढे चरबीच्या पेशींत होते. तेथे पुन्हा आवरणयुक्त स्फटिक तयार होतात, इतके की अळीचे शरीर आतून त्यांनीच भरून जाते.

या सर्व घडामोडींना चार ते सात दिवस लागतात. अडचण नेमकी येथेच उद्भवते. तिसऱ्या दिवशी शेतकरी शेतात जातो, अळी जिवंत पाहतो, आपण फसलो असे समजतो आणि उधारीने विषारी औषध आणून फवारतो. वस्तुतः त्या सुमारास अळीचे खाणे मंदावू लागलेले असते. पुढे ती झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागील पायांनी चिकटून उलटी लोंबकळत मरते. जर्मनीतील वनाधिकाऱ्यांनी अशाच रोगाला एकोणिसाव्या शतकात ‘शेंड्याचा रोग’ म्हटले होते. विषाणू घाटेअळीच्या दृष्टीवर परिणाम करून तिला वरच्या उजेडाकडे ओढतो, असे चीनमधील संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिले. मृत अळीची कातडी फाटते आणि आतील पांढुरका द्रव खालच्या पानांवर ठिबकतो. एका पूर्ण वाढलेल्या अळीत असे अब्जावधी स्फटिक असतात. घाटेअळ्या एकमेकींना खातात, त्यामुळेही रोग पसरतो.

फवारणीचे नियम यातूनच निघतात. विषाणू खाल्ला गेला पाहिजे, म्हणून पाने व घाटे नीट भिजली पाहिजेत. अळ्या अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या असतानाच फवारणी करावी; घाटे पोखरले गेल्यावर केलेली फवारणी बहुधा वाया जाते, मग विक्रेता काहीही म्हणो. उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो, म्हणून वेळ सायंकाळचीच असावी. द्रावणात थोडा गूळ व कपड्यांना देतात ती नीळ घालण्याची पद्धत आहे. गुळाने अळी खाण्यास प्रवृत्त होते, नीळ उन्हापासून काहीसा बचाव करते. हरभऱ्यासाठी हेक्टरी २५० अळ्यांएवढी मात्रा सांगितली जाते. एक मात्रा म्हणजे सहा अब्ज स्फटिक, सुमारे एका पूर्ण वाढलेल्या रोगट अळीतून मिळतील तेवढे.

हा विषाणू माणसाला, गुराढोरांना व मधमाश्यांना बाधत नाही. रेशीम उत्पादकांना ग्रासरी हा रोग ठाऊक आहे. त्याचा विषाणू याच कुळातला असला तरी वेगळा आहे. घाटेअळीच्या विषाणूने रेशमाच्या अळीला धोका नाही.

शेंड्याला लोंबकळणारी काळपट, लिबलिबीत अळी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शेतातच दाखवावी. ती तोडून फेकू नये. तिच्यातून मातीत पडलेले स्फटिक सावलीत दीर्घकाळ टिकतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर किंवा धुळीबरोबर पुढील हंगामाच्या पिकावर पुन्हा पोहोचू शकतात.