राखणीच्या कुत्र्यासाठी जुन्या कपड्यांचा अंगरखा
(खारेपाटण येथे बागायतदार आणि बचत गटांच्या भगिनींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव सांगितले तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला. एक आजोबा तर मोठ्यानेच म्हणाले, "सुण्याक कोट कित्याक?" त्यांचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर मी सुरुवातीलाच देऊन टाकतो. आपल्या कोकणात धडधाकट कुत्र्याला बारा महिन्यांपैकी नऊ-दहा महिने कपड्याची मुळीच गरज नसते. उरलेल्या थंडीच्या दिवसांतही ती काही कुत्र्यांनाच, काही तासांपुरतीच असते. पण ज्यांना असते त्यांना ती खरोखरच असते.

काजू-आंब्याच्या बागेत, मांगरात आणि गोठ्याशी राखण करणारा कुत्रा हा आपला बिनपगारी गडी. वानर आले, डुक्कर शिरले, अनोळखी माणूस आला, तर पहिली हाक तोच देतो. हा गडी म्हातारा झाला की मात्र आपण त्याला पडवीच्या उघड्या लादीवर झोपू देतो. पौष-माघात खाडीवरून पहाटे धुके चढते, अंगणातले गवत दवाने ओले होते. दुपारी घाम काढणारे ऊन आणि पहाटे अंगावर काटा, असा मोठा फरक त्या दिवसांत असतो. तो बारीक केसांच्या, हडकुळ्या जनावराला सोसत नाही.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी घाटपायथ्याच्या एका काजू बागायतदाराकडे गेलो होतो. त्यांचा वाघ्या म्हातारा झालेला, बरगड्या दिसत होत्या, पहाटे कुडकुडत होता. मी तपासून औषध दिले आणि निघता निघता म्हणालो, "रात्री अंगावर काहीतरी शिवून घाला." एवढेच सांगितले आणि मोटारसायकलला किक मारली.

घरातल्या आजींनी मनापासून काम केले. आतून जुना स्वेटर, बाहेरून टेरिकॉटच्या साडीचा पदर, पोटाखाली चार बटणे. असा नेटका अंगरखा मी क्वचितच पाहिला असेल. बारा दिवसांनी मला पुन्हा बोलावणे आले. वाघ्या खात नव्हता. अंगरखा काढला तर पुढच्या पायांच्या काखेत कातडी सोलवटून निघालेली, जखमेत किडे पडलेले आणि स्वेटरच्या घडीत गोचीड. रात्री घातलेला अंगरखा कोणी काढलाच नव्हता. पहाटे तो दवात भिजायचा, दुपारी अंगावरच उबायचा, रात्री पुन्हा ओला व्हायचा. आजी डोळे पुसत म्हणाल्या, "काढूक व्हयो म्हणान कोणीच सांगूक नाय माका."

त्यांची काही चूक नव्हती. सल्ला देणारा मी होतो आणि तो मी अर्धाच दिला होता. वाघ्या तीन आठवड्यांच्या उपचारांनी बरा झाला. तेव्हापासून मी हा विषय सांगताना शिवण नंतर सांगतो आणि काढणे आधी सांगतो. अंगरखा सूर्य मावळल्यावर घालावा आणि ऊन अंगणात आले की काढावा. आजच्या भाषणातले हे एकच वाक्य लक्षात राहिले तरी माझे येणे सार्थकी लागले.

कोणाला घालावा, कोणाला नाही

माणसाच्या अंगाचे तापमान ३७ अंश सेल्सिअस असते, कुत्र्याचे साधारण ३८ ते ३९ अंश. त्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तळपायांना थोडासा येतो, बाकी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. म्हणून थंडीपेक्षा उष्म्याने कुत्रा लवकर दगावतो.

म्हातारी, आजारातून उठलेली, फार रोडावलेली, उपचारासाठी केस कापलेली कुत्री आणि आईपासून तोडलेली दीड-दोन महिन्यांपुढची पिल्ले, यांना थंडीच्या रात्री अंगरखा उपयोगी पडतो. आपल्या देशावरच्या कारवानी जातीसारखी, सडपातळ अंगाची आणि आखूड केसांची कुत्री असतील तर त्यांनाही.

पॉमेरेनियन, अल्सेशियन, लॅब्राडोर यांच्या केसांना आत मऊ लोकरीचा दुसरा थर असतो. त्यांना आपल्या हवेत कपडा घालणे म्हणजे त्रास देणे आहे. ताप असलेल्या, धापा टाकणाऱ्या कुत्र्यालाही घालू नये. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तर कधीच नाही. पहिले दोन आठवडे त्यांना स्वतःच्या अंगात ऊब धरता येत नाही हे खरे, पण त्यांची ऊब म्हणजे आई आणि कोरडी जागा. कपड्यात ती गुरफटून गुदमरतात.

आणखी एक पथ्य पाळावे. कुत्रा रानात मोकळा फिरायला निघाला की अंगरखा काढावा. करवंदीच्या जाळीत कापड अडकले तर त्याला सुटता येत नाही.

कापड कोणते घ्यावे

आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी शिवण्याची रीत आहे. तोच विचार इथे करायचा. अनेकदा धुतलेले सुती कापड मऊ होते, हवा खेळू देते आणि पाणी शोषते. जुना बनियन, सुती टी-शर्ट, फ्लॅनेलचा सदरा, सुती लुगडे हे उत्तम. ऊब हवी तर स्वेटर आत न लावता सुती अस्तरावर बाहेरून लावावा, म्हणजे लोकर अंगाला टोचत नाही.

नायलॉन, टेरिकॉट, रेनकोटचे कापड टाळावे, कारण आतला दमटपणा बाहेर जात नाही. खताच्या, सिमेंटच्या किंवा कीटकनाशक ठेवलेल्या पिशव्या कितीही धुतल्या तरी वापरू नयेत. कुत्रा अंग चाटतो, हे विसरू नये. जुन्या कपड्यावरची बटणे, हूक, चेन, टिकल्या आधी काढून टाकाव्यात. तो त्या चावून गिळतो.

माप आणि शिवण

कुत्रा उभा असताना तीन मापे घ्यावीत. पहिले, मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. दुसरे, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर. तिसरे, गळ्याचा घेर. उदाहरणादाखल लांबी ५० सें.मी., छाती ६० सें.मी. आणि गळा ३६ सें.मी. धरू. गावठी मध्यम कुत्र्याचे माप साधारण याच्या आसपास येते.

१. शेपटीकडे ५ सें.मी. जागा मोकळी सोडायची, म्हणजे तयार लांबी ४५ सें.मी. रुंदी छातीच्या घेराच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ४० सें.मी. चारही बाजूंना दीड सें.मी. दुमड धरून ४८ बाय ४३ सें.मी. चा तुकडा बेतावा. आधी वर्तमानपत्राचा कागद कापून पाठीवर ठेवून पाहावा.

२. पुढच्या कडेच्या मध्यावर १८ सें.मी. रुंद आणि ९ सें.मी. खोल असा अर्धगोल कापावा. हा गळा झाला. पहिल्यांदा थोडा कमीच कापावा, वाढवता नंतर येतो.

३. पुढची दोन टोके छातीपुढे जोडण्यासाठी २० सें.मी. ची पट्टी आणि पोटाखालून जाण्यासाठी ३० सें.मी. लांब, ७ सें.मी. रुंद पट्टी शिवावी. प्रत्येक पट्टीचे एक टोक पक्के शिवावे, दुसऱ्याला वेल्क्रो लावावे. वेल्क्रो नसेल तर कापडी नाडी चालेल, पण सुरगाठीनेच बांधावी, म्हणजे ओढताच सुटते.

४. पोटपट्टी काखेत येऊ देऊ नये, चार बोटे मागे असावी. नर कुत्र्याचे पोट मागून मोकळे राहिले पाहिजे, नाहीतर लघवीने कापड भिजते.

५. शिवणीची दुमड बाहेरच्या बाजूला ठेवावी. आतली जाड शिवण कातडीला घासते. मशीन नसेल तर हाताने बारीक धावदोरा घालून उलटी टीप मारली तरी पुरे.

बांधल्यावर गळ्याखाली आणि पोटाखाली दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटेच घालावा, सवय होऊ द्यावी.

लहान पिल्लासाठी याहून सोपी युक्ती आहे. जुन्या स्वेटरची बाही कापून घ्यावी. मनगटाकडची बाजू गळा होते, तिच्या थोडे खाली पुढच्या पायांसाठी दोन भोके पाडून कडा दुमडून शिवाव्यात. मात्र पिल्लू डोळ्यांसमोर असतानाच हे घालावे.

खारेपाटणच्या मंडळींना एक खास सूचना. आपल्या गावावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो आणि रात्री रस्ता ओलांडणारी कुत्री गाड्यांखाली सापडतात. कुत्रा रस्त्याकडे जाणारा असेल तर अंगरख्याच्या दोन्ही बाजूंना आणि गळपट्ट्यावर चकाकणाऱ्या पट्टीचा तुकडा शिवावा. रस्त्याच्या कामावर घालतात त्या जुन्या जाकिटाची पट्टी चालते. गाडीचा उजेड पडताच ती दुरून दिसते.

जखमेवरचा सदरा

नसबंदीच्या किंवा इतर शस्त्रक्रियेनंतर कुत्रे टाके चाटून उसवतात. तिथे जुना, पातळ सुती टी-शर्ट उपयोगी पडतो. त्याची छातीची बाजू कुत्र्याच्या पाठीवर येईल असा उलटा घालावा. डोके गळ्यातून, पुढचे पाय बाह्यांतून काढावेत आणि मागचा घोळ कमरेवर गोळा करून सैल गाठ मारावी. जखमेवर घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दिवसातून दोनदा सदरा वर करून जखम पाहावी आणि ओला झाला की लगेच बदलावा.

पावसाळा आणि स्वच्छता

पावसात कपडा घालू नये. ओले कापड वाळताना अंगातली ऊब ओढून घेते. पावसाळ्यात कुत्र्याला कोरडी जागा द्यावी. जमिनीपासून वीतभर उंच फळी, तिच्यावर गोणपाट आणि भाताचा पेंढा, पेंढा ओला झाला की बदलायचा. भिजून आलेल्या कुत्र्याला आधी जुन्या टॉवेलने पुसून घ्यावे.

अंगरखे दोन शिवावेत, एक अंगावर आणि एक उन्हात. रोज काढल्यावर काखा, कानामागची जागा आणि मान हाताने चाचपून गोचीड पाहावेत. आपल्याच जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची साथ आली, तो ताप गोचिडांमार्फत पसरतो. म्हणून रानातून येणाऱ्या कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड ही हसण्यावारी नेण्याची बाब नाही. लेप्टोचे जंतू जनावरांच्या लघवीतून येतात, तेव्हा अंगरखा धुताना हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत आणि घरच्या कपड्यांत तो मिसळू नये.

आणि एक कपडा असा आहे की जो शिवता येत नाही, तो टोचून घ्यावा लागतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, महिन्याने दुसरी, मग दरवर्षी. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. चुना, हळद, मिरची काही लावू नये.

बंधू-भगिनींनो, याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. एक जुना सदरा, हातभर वेल्क्रो आणि एका दुपारचे काम. त्या आजींनी वाघ्यासाठी पुढच्या हिवाळ्यात नवा अंगरखा शिवला, या वेळी सुती. पडवीच्या खांबाला खिळा मारून त्यांनी तो टांगला होता. मी दुपारी गेलो तेव्हा अंगरखा खिळ्यावर होता आणि वाघ्या उन्हात पसरला होता. तुम्हीही आज घरी गेल्यावर कापड शोधण्याआधी तो खिळा ठोका.