घरातला कलह आणि बाहेरची संगत

मूल गुन्ह्याकडे वळलं की बाप घरात नव्हता, हे कारण पहिल्यांदा पुढे येतं. पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले तांडेल आणि खलाशी हंगामात दिवसचे दिवस समुद्रावर असतात. घर आई, आजी, काका सांभाळतात आणि मुलं नीट वाढतात. अमेरिकेत जोन मॅककॉर्ड यांनी बॉस्टनजवळच्या मुलांच्या नोंदी अनेक वर्षं तपासल्या. आईवडील एकत्र राहतात पण सतत भांडतात, अशा घरांतली मुलं गुन्ह्याकडे अधिक वळली होती. एकट्या, पण मायाळू आईने वाढवलेली त्या मानाने कमी.

म्हणजे धोका बापाच्या गैरहजेरीपेक्षा घरातल्या कलहाचा अधिक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागतात, कमाई थांबते, घेतलेली उचल डोक्यावर असते. ज्या घरात आधीच धुसफूस आहे, तिथे ती याच दिवसांत भडकते, आणि दारू असेल तर मारहाणीवर जाते. अशा वेळी मुलगा घराबाहेर पडतो, रात्री उशिरापर्यंत परतत नाही.

बाहेर त्याला थोरली पोरं भेटतात. गुन्हा जवळच्या माणसांत राहून शिकला जातो, असं एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने मांडलं. संगत किती लहान वयात लागली, किती काळ टिकली आणि किती जिव्हाळ्याची आहे, यावर तिचा जोर ठरतो. घरी ज्याला कोणी विचारत नाही, त्याला टोळक्यातली शाबासकी फार मोठी वाटते. आधी गुटखा, मग एखादी छोटी चोरी. नुसती संगत तोडा म्हणून मुलाला दटावण्याचा उपयोग होत नाही, तो याचमुळे.

१५ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या बाल न्याय कायद्याने घर आणि संगत यांचा हा प्रभाव ओळखला आहे. बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री. परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल देतो. समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या देखरेखीखाली सुटका असे मार्ग मंडळापुढे असतात. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. हे योग्यच आहे, कारण वाट चुकलेली मुलं एकत्र कोंडली तर एकमेकांकडून नको तेच शिकतात.

घरातल्या मारहाणीत मूल होरपळत असेल, तर शेजाऱ्यांनी किंवा शिक्षकांनी पोलीस ठाण्यापर्यंत गोष्ट जाण्याची वाट पाहू नये. १०९८ या मोफत क्रमांकावर कळवावं.