पायाचं ऑपरेशन कोणाला?

(रौप्यमहोत्सवी ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. सारी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षे कर्ज विभागात. त्यामुळे पात्र कोण आणि अपात्र कोण, एवढाच काय तो माझा अभ्यास. गेल्या वर्षी हाच प्रश्न घरात आला, नातवाच्या पायावरून.

मुलीचं सासर साताऱ्याकडचं. तिकडं अपशिंग्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात, इतकं फौजेचं वेड. नातू अग्निवीर भरतीची तयारी करत होता. अकॅडमीत कोणीतरी त्याला ओल्या पायानं फरशीवर उभं केलं. ठसा अख्खा उमटला, मधली कमानच नाही. "सपाट तळवा! मेडिकलला उडणार. ऑपरेशन करून घे." पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. मी एफडी मोडायचा फॉर्म भरून ठेवला, खोटं कशाला सांगू?

जावईबापू म्हणाले, "आधी मिरजेला दाखवू." १८९४ साली वॉनलेस साहेबांचा दवाखाना निघाल्यापासून आपल्याकडं अवघड दुखणं म्हटलं की मिरज. तिथल्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रेचं नावही काढलं नाही. "चवड्यांवर उभा राहा," म्हणाले. राहिला, आणि तळव्याखाली कमान दिसायला लागली! मग पाऊल हातात घेऊन फिरवलं, टाचेमागची शीर ताणून पाहिली, पळताना दुखतं का विचारलं. दुखत नव्हतंच. "पाय लवचिक आहे, याला कापायचं कारण नाही. चवड्यांवर कमान येत असेल, पाय लवचिक आणि बिनदुखता असेल, तर सैन्याच्या मेडिकललाही तो चालतो."

मी विचारलं, "मग ऑपरेशन करता तरी कोणाचं?" चवड्यांवरही कमान येत नाही, पाऊल कडक आहे आणि दुखतं, त्याची पुढं तपासणी; काहींची पावलातली हाडं जन्मतःच जोडलेली असतात. किंवा बुटातला सोल, पोटरीचे व्यायाम महिनोन्महिने करूनही ज्याचं दुखणं थांबत नाही, त्याचा विचार. लहान मुलांचा तळवा तर सपाटच असतो, कमान पुढं हळूहळू येते.

जन्मतः आत मुरडलेला पाय मात्र वेगळा. तिथं वाट पाहायची नाही. पहिल्या काही आठवड्यांतच पॉन्सेटी पद्धतीचं प्लास्टर, दर आठवड्याला नवं, साधारण पाच-सहा वेळा. बहुतेकांची टाचेची शीर छोट्याशा छेदानं सोडवावी लागते. नंतर पट्टीला जोडलेले बूट, आधी तीन महिने जवळजवळ दिवसभर, मग चार वर्षांचा होईपर्यंत झोपताना. बाळ रडतंय म्हणून आपण आजी-आजोबाच ते बूट काढतो आणि पाय पुन्हा वळतो. हे विशेष करून सांगतो.

निघता निघता मी माझाही पाय पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी हाड वाढलंय, बोट आडवं गेलंय, चप्पल टोचते. डॉक्टरांनी पावलावरची नाडी पाहिली, डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक दोरा ठिकठिकाणी टेकवला. दोन ठिकाणी मला कळलंच नाही. "काका, शुगर किती वर्षांची? जखम भरली नाही तर काय करायचं? सध्या रुंद बूट घ्या, शुगर खाली आणा, मग बघू." आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवले, त्या दिवशी माझा परत आला.

एफडी शाबूत आहे. नातू भरतीत १६०० मीटरलाच मागं पडला, मेडिकलपर्यंत पोचलाच नाही. सध्या रोज पहाटे पाचला अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळतो.