वायरीवरची काळी गाठ



पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आमच्या इस्लापूरपासून जवळ आहे. पावसाळ्यात तो असा घुमतो की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. तरी लोक तो ऐकायला लांबून येतात. आणि कविसंमेलनात स्पीकरमधून नुसतं ‘टर्र-टर्र’ झालं की तेच लोक कपाळाला आठ्या घालतात. म्हणजे त्रास आवाजाच्या मोठेपणाचा नसतो. जो आवाज आपण बोलावलेला नाही आणि जो नको त्या क्षणी येतो, त्याचा असतो. आज या आगंतुक आवाजाबद्दल आणि त्याला दारातच अडवणाऱ्या एका लहानशा काळ्या वस्तूबद्दल बोलायचं आहे.

मी बी.ए. झालेला कवी. विज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण गेली तीसेक वर्षं माईकसमोर उभा राहतो आहे. शेतकऱ्याला जशी पेरणीची तिफण ओळखीची असावी लागते, तशी कवीला माईकची वायर ओळखीची असायला हवी, असं मला वाटतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी गावात एक कार्यक्रम होता. गझल वाचणारा कवी पहिला मिसरा म्हणतो, थांबतो, पुन्हा म्हणतो. श्रोत्यांची उत्सुकता त्या थांबण्यात ताणली जाते. नेमक्या त्या थांब्यात, शेवटचा शब्द येणार इतक्यात, स्पीकर ‘ट-ट-टक, ट-ट-टक’ असा बोलू लागला. पाठोपाठ पहिल्या रांगेतल्या एका आजोबांचा बटणांचा मोबाईल वाजला. दाद मिळायच्या जागी हशा मिळाला.

हे कशामुळं होतं? टूजी पद्धतीचा मोबाईल अखंड बोलत नाही. तो आपला संदेश तुकड्या-तुकड्यानं फेकतो, सेकंदाला सुमारे २१७ तुकडे. या लहरींची कंपनं सेकंदाला ९० कोटींच्या घरात. ती कानाला ऐकू येणं शक्य नाही. पण माईकपासून ॲम्प्लिफायरपर्यंत पसरलेली वीस-पंचवीस मीटर वायर ही आपोआप एरियल होऊन बसते. लहरी तिच्यावरून आत शिरतात. ॲम्प्लिफायरच्या पहिल्याच पायरीवरचा ट्रान्झिस्टर त्या लहरी पचवू शकत नाही. त्यांचा २१७चा ठेका मात्र पकडतो. तो ठेका माणसाच्या कानाला स्पष्ट ऐकू येणारा आहे. तोच मोठा होऊन साऱ्या मैदानाला ऐकू जातो.

पुढच्या कार्यक्रमाला आमच्या गावच्या साऊंडवाल्या पोरानं माईकची वायर ॲम्प्लिफायरमध्ये शिरते तिथं एक काळं नळकांडं बसवलं. दोन अर्ध्या भागांचं, डबीसारखं ‘टक्’ करून मिटणारं. मी विचारलं, “बेटा, ही वायरीला गाठ कसली आली?”

तो म्हणाला, “चाचा, ही गाठ चांगली हाय. फेराईट म्हणतेत हिला. कॉम्प्युटरच्या वायरीवर बघितली असंल तुम्ही.”

बघितली होती. जुन्या मॉनिटरच्या, प्रिंटरच्या वायरीच्या टोकाला सुपारीएवढा फुगवटा असतो, तोच हा.

फेराईट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साईडमध्ये निकेल, जस्त किंवा मँगनीज यांची संयुगं मिसळून भट्टीत भाजलेली एक प्रकारची चिनी माती. चुंबकत्व आहे, पण धातूसारखी वीज सहज वाहू देत नाही. १९३० मध्ये जपानमध्ये टोकियोच्या तंत्रसंस्थेत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी ती शोधली. तिचं उत्पादन करण्यासाठी १९३५ मध्ये एक कंपनी निघाली, तिचं नाव टीडीके. होय, तीच! ज्या टीडीकेच्या कॅसेटवर आमच्या पिढीनं मुशायरे आणि कव्वाल्या जपून ठेवल्या, तिचा जन्म या काळ्या मातीपोटी झालेला आहे.

आता ती काम कसं करते ते पाहू. वायरीच्या आत दोन वाटा असतात. माझा आवाज एका वाटेनं जातो आणि दुसऱ्या वाटेनं परततो. जाणं आणि येणं सारखंच असल्यामुळं दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खोडून टाकतं. वेशीवरच्या राखणदारानं गावचा माणूस गेला-आला तर हिशेब शून्य धरावा, तसं फेराईट त्याच्याकडं बघतही नाही. आगंतुक लहर मात्र दोन्ही वाटांवरून एकाच दिशेनं घुसते. तिला हा राखणदार अडवतो आणि तिची ताकद किंचितशा उष्णतेत जिरवून टाकतो. आवाज तसाच राहतो, कटकट कमी होते.

गंमत पुढंच आहे. घरातला जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर उघडून बघा. आत तांब्याची तार गुंडाळलेली एक काळी कांडी दिसेल. तीही फेराईटच! मिश्रण थोडं वेगळं, पण जात एकच. कांडी उघडी ठेवली की ती आकाशातल्या लहरी गोळा करते. कडं करून वायरीभोवती मिटलं की तीच माती लहरींना अडवते. तोच ट्रान्झिस्टर चालू करून एखाद्या एलईडी बल्बजवळ किंवा चार्जरजवळ न्या. स्वस्तातला बल्ब असेल तर खरखर वाढेल. घरातली कोणती वस्तू किती लहरी सांडते, हे तपासायला याहून सोपं साधन नाही.

क्लिप लावताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ती ॲम्प्लिफायरच्या अगदी तोंडाशी बसवावी. वायरीच्या मध्यावर लावली तर पुढची वायर पुन्हा एरियल होते. दोन्ही अर्धी घट्ट मिटली पाहिजेत. केसाएवढी फट राहिली तरी जोर घटतो. वायर लवचीक असेल तर आतून दोन-तीन फेरे घ्यावेत. दोन फेऱ्यांनी अडथळा साधारण चौपट होतो, तिनांनी नऊपट. मोबाईलच्या फार वरच्या लहरींना मात्र फेऱ्यांचा तितका उपयोग नाही, तिथं एकाशेजारी एक दोन क्लिपा बऱ्या. आणि त्रास देणारा चार्जर किंवा दिव्यांची माळ सापडली, तर क्लिप तिच्याच वायरीला लावावी. रोग तिथं औषध.

पण हा ताईत नव्हे. स्पीकरमधून सतत ‘घूंऽऽ’ असा जाड आवाज येत असेल तर तो घरच्या विजेचा, ५० कंपनांचा. त्याला ही क्लिप काहीही करू शकत नाही. बहुधा दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांवर लावलेली असतात आणि त्यांच्या अर्थिंगमधून वीज फिरत राहते. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेतली की पुष्कळदा ते थांबतं.

इथं एक गोष्ट मी कळकळीनं सांगतो. हा ‘घूं’ घालवण्यासाठी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडून टाकायची रीत मी अनेक मांडवांत पाहिली आहे. गुणगुण खरोखर थांबते, म्हणूनच ती पसरली. पण ती पिन माणसासाठी असते. यंत्रात कुठं वीज उतरली, तर ती जमिनीत जायची वाट आपण बंद केलेली असते. मग माईकचा धातूचा दांडा हातात, पायाखाली पावसानं ओली झालेली जमीन, आणि माईकला ओठ लावून उभा असलेला माणूस. तो कीर्तनकार असेल, कव्वाल असेल, पहिल्यांदाच भाषण करणारी शाळेतली मुलगी असेल. थोडी गुणगुण ऐकून घ्यावी, पण ती पिन तोडू नये. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढं एक पाहिलं तरी पुष्कळ झालं.

गावात साऊंडवाला बहुधा एकच असतो. उरूस असो, गणपती असो, हरिनाम सप्ताह असो की लग्न, वायर तीच आणि पोरगंही तेच. त्यानं आपलं काम चोख केलं तर सगळ्यांचेच शब्द नीट पोचतात.

म्हणून आयोजकांना एक सुचवतो. माईक तपासताना ‘हॅलो, हॅलो, वन-टू-थ्री’ जरूर म्हणा. पण त्यानंतर सगळे दिवे लावा, आवाज वाढवा, एक फोन लावून बघा आणि मिनिटभर सगळे गप्प बसा. त्या मिनिटात स्पीकर काय बोलतो ते ऐका. तो गप्प राहिला तर कार्यक्रम खुशाल सुरू करा. बोलणाऱ्याला बोलता येईल, आणि थांबावंसं वाटलं तिथं थांबताही येईल.