हायवेवर हँडल थरथरलं तर

आमच्या गटातल्या काही जणी पापड-मसाल्याचा माल क्रूझर मोटरसायकलवरून बाजाराला नेतात. सीट बुटकी, पाय जमिनीला टेकतात, म्हणून गावात धीर येतो. पण हायवेवर वेग वाढला, हँडल थरथरलं की पोटात गोळा येतो आणि किल्ली परत घरातल्या पुरुषांकडे जाते. तसं होऊ द्यायचं नाही. आधी कारण शोधायचं.

निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच हवा तपासा. किती हवी ते गाडीच्या पुस्तकात असतं. माल मागे उंच बांधला तर पुढचं चाक हलकं पडतं. तो दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत सारखा वाटून खाली ठेवा. तरीही हँडल हललं तर मेकॅनिककडून कोनसेट आणि चाकांचे बेअरिंग बघून घ्या.

क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे वाऱ्यात आपण हँडललाच लोंबकळतो. कोपरं सैल ठेवा, कमरेतून जरा पुढे झुका, नजर लांब ठेवा. थरथर सुरू झालीच तर करकचून ब्रेक मारू नका. हँडल न आवळता ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा.

आम्ही हेल्मेट घालून आधी रिकाम्या गाडीवर सराव करतो, मगच माल बांधतो. तुम्हीही तसंच करा.