दम नाही, बोटं चुकतात

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं होतं, "काहीतरी प्रेरणादायी बोला." मला तसलं जमत नाही. मला बासरी थोडीफार येते, म्हणून बासरीवरच बोलतो. त्यातही एकाच गोष्टीवर: वरचा पंचम कसा काढायचा.

आपल्या जव्हार-मोखाड्याचं वाद्य तारपा. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे तारपकरी याच मातीतले. भात कापून झालं की तारपा घुमतो आणि सगळा पाडा फेर धरतो. दुधी, बांबू आणि ताडाचं पान एवढ्यावर उभं राहिलेलं हे वाद्य. तारपकरी गाल फुगवून नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. त्यामुळे दम म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण तारप्याचा दम बासरीला जसाच्या तसा चालत नाही. तारप्यात नळीतली पातळ पट्टी थरथरते आणि सूर मोजकेच असतात. बासरीत पट्टी नसते, हवाच थरथरते. म्हणून त्याच बोटांवर फुंक थोडी धारदार केली की सूर एकदम एक सप्तक वर उडी मारतो.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. वरची तीन भोकं बंद केली की सा, तिथेच फुंक बदलली की तार सा. पुढे रे, ग, म. आणि मग गाडी अडते. सगळी भोकं उघडी झाली, आता बोट उचलायचं कुठलं? मूल जोरात फुंकतं, बासरी किंचाळते, आणि ऐकणारा म्हणतो, "पोराला दम नाही."

मित्रांनो, या वाक्यासाठीच मी आज उभा आहे. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे आपला तालुका देशभर वर्तमानपत्रांत आला. तेव्हापासून आपल्या पोरांकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांत आधी कुपोषण येतं. पोषणाचा प्रश्न खरा आहे, तो मी लहान करत नाही. पण जिथे चूक बोटांची आहे तिथे दोष पोराच्या छातीला देऊ नका. दम नाही असं एकदा ऐकलेलं पोर बासरी खुंटीला टांगतं, ती कायमची.

आता बोटांकडे या. समजा तुमच्या बासरीचा सा ३०० कंपनांचा आहे. नळीतली हवा दुप्पट वेगाने थरथरली की ६०० म्हणजे तार सा. तिप्पट झाली तर ९००, आणि तोच तार पंचम! म्हणजे पंचम सा च्याच बोटांत लपलेला आहे. त्याला फक्त वाट करून द्यायची: दुसरं-तिसरं भोक बंद ठेवा आणि ओठांजवळचं पहिलं उघडा. ते भोक उघडलं की हवेला खालच्या सुरावर बसता येत नाही, ती आपसूक वर जाते. दुसरीही वाट आहे. सगळी भोकं बंद केली की मंद्र पंचम, २२५ कंपनांचा. त्याची चौपट पुन्हा ९००च. म्हणून पहिलं उघडं आणि बाकी पाचही बंद, असंही वाजतं. दोन्ही करून बघा, तुमच्या बासरीवर जे सुरेल बोलेल ते ठेवा.

धैवत रे मधून निघतो: पहिली दोन बंद, तिसरं उघडं, चौथं-पाचवं बंद, सहावं उघडं. निषाद ग मधून: ग ३७५, त्याची तिप्पट ११२५, बरोबर तार निषाद. त्यासाठी पहिलं, तिसरं, चौथं बंद, बाकी उघडी. बांबू कारखान्यात ओतलेला नसतो, त्यामुळे एखादं बोट इकडेतिकडे करावं लागेल. कानाला विचारा.

आणि जोर लावू नका. ओठांची फट बारीक करा, फुंकेचा झोत पातळ आणि वेगवान ठेवा. तरीही वरचे सूर बोलेनात तर बासरीच्या बंद टोकातला बूच बघा. फुंकायच्या भोकापासून तो साधारण नळीच्या आतल्या व्यासाएवढा दूर असावा. सरकलेला असेल तर वस्ताद वाजवणाऱ्यालाही वरचे सूर त्रास देतात.

ही अडचण मोठमोठ्यांनाही आली. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरी घडवली, सातवं भोक पाडलं. पुण्याच्या पं. केशव गिंडे यांनी जादा भोकांची 'केशव वेणू' करून पल्ला वाढवला. जर्मनीच्या थिओबाल्ड बोमने १८४७ मध्ये चाव्यांची धातूची बासरी सिद्ध केली. तिच्यावरही तिसऱ्या सप्तकात बोटांची आडवीतिडवी बैठक लागतेच. लांब बांबू आणि चाव्या यांना पैसे पडतात. बोटं बदलायला काहीच पडत नाही.

माझ्या बॅचच्या मित्रांना एक विनंती. शाळेला भेट द्यायचीच आहे तर आणखी एक लाउडस्पीकर नको. एकाच पट्टीत मिळवलेल्या, मध्यम लांबीच्या दहा-बारा बासऱ्या देऊ. जत्रेतल्या प्रत्येक बासरीचा सा वेगळा, त्यामुळे पोरं एकत्र वाजवूच शकत नाहीत. पट्टी एक झाली की प्रार्थनेला साथ होईल, आणि एकाला सापडलेलं बोट दुसऱ्याला दाखवता येईल.

बालमित्रांनो, रोज दहा मिनिटं, आधी लांब सा, मग पंचम. पहिले काही दिवस बासरी ओरडेल, घरचेही ओरडतील. दोघांकडे दुर्लक्ष करा.