उघडे कुलूप, बंद पत्र

पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो हे ठाऊक असूनही आपण त्यावर खुशाली लिहीत आलो. घरातले आजारपण, पैशाची अडचण लिहायची तर मात्र पाकीट घेतले आणि डिंकाने चिकटवले. त्यात गुन्हा नव्हता, खासगीपण होते. आपला साधा एसएमएस हा पोस्टकार्डाचाच भाऊ. ज्या यंत्रांतून तो जातो, तिथे तो वाचता येतो.

मजकूर सांकेतिक करण्याची कला जुनी, तशी ती फोडण्याचीही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने दाखवले, की अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हे घातली, तरी कोणते चिन्ह किती वेळा येते हे मोजून मूळ मजकूर काढता येतो. वेश बदलला तरी भाषेची चाल लपत नाही!

दुसरी अडचण किल्लीची. पेटीला कुलूप लावून पाठवली, पण किल्ली कोणाच्या हाती द्यायची? १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी यावर वाट दाखवली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी प्रत्यक्ष पद्धत बसवली. समजा, तुम्ही आपली उघडी कुलपे गावभर वाटली आणि किल्ली घरीच ठेवली. कोणीही पेटीला तुमचे कुलूप लावील, उघडाल फक्त तुम्ही. हे कुलूप गणिताचे आहे. ६१ गुणिले ५३ म्हणजे ३२३३, हे शाळकरी पोर सांगेल. पण नुसत्या ३२३३ वरून ते दोन आकडे शोधायला बसा! आजच्या कुलपांत सहाशेहून अधिक अंकी संख्या असतात.

व्हॉट्सअॅपने २०१६ मध्ये सर्वांच्याच संदेशांना टोकापासून टोकापर्यंत असे कुलूप लावले. मग प्रश्न उभा राहिला. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. अशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. २०२१ च्या नियमांत सरकारने मूळ संदेश कोणी धाडला हे सांगता आले पाहिजे, अशी अट घातली. व्हॉट्सअॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

त्या पाच जणांच्या घरच्यांना न्याय हवा, यात वाद नाही. पण पोलिसांसाठी ठेवलेली चोरकिल्ली चोराच्या हाती पडणार नाही, याची हमी कोण देणार? खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले. तपास माणसांचा व्हावा, त्यासाठी साऱ्या गावाची कुलपे कमजोर करू नयेत, असे मला वाटते.

आणि एक ध्यानात असू द्या. हे कुलूप वाटेची राखण करते, घराची नाही. फोनवर कोणी गोड बोलून ओटीपी मागितला आणि आपण तो सांगितला, तर गणित काय करणार? किल्ली शेवटी आपल्याच हातात असते.